समोरच्या डोंगराची सहल

व्हिएन्ना ठरलं होतं हो! व्हिएन्ना! वर्गात मतदान झालं होतं, हात वर करून, तांक्रेदीने तर दोन्ही हात वर केले होते, मी माझा अर्धाच केला, कारण पूर्ण वर केला की बाई काहीतरी विचारतील अशी मला भीती वाटते, पण अर्धा तर अर्धा, तो व्हिएन्नालाच होता! राजवाडे बघायचे, मोठी नदी बघायची, चॉकलेटचा तो प्रसिद्ध केक खायचा... आणि मग एक दिवस स्कातेना बाई वर्गात आल्या, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्या चष्मा पुसायला लागल्या की समजायचं, काही खरं नाही. म्हणाल्या, ‘‘मुलांनो, व्हिएन्नाचं काही जमत नाही. पण आपल्या आसपासचा वारसा काय कमी आहे? आपण एका ऐतिहासिक गावाला जाणार आहोत. डोंगरमाथ्यावर वसलेलं, तटबंदीचं, अतिशय सुंदर गाव.’’

कुठलं, बाई?

‘‘रोक्कामेर्ला.’’

तुम्हाला सांगते, सगळ्यांच्या माना एकदम वळल्या, खिडकीकडे. कारण हे गाव आमच्या वर्गाच्या खिडकीतून दिसतं!

म्हणजे गणिताच्या तासाला मी दुसरं काही बघितलेलंच नाही. त्यांचा तो मनोरा, मनोऱ्यावरची वाकडी अँटेना, तटाखालचे ऑलिव्ह, कुणाच्या तरी गच्चीवरची लाल सतरंजी, जी पाऊस आला तरी आत घ्यायची कुणाला आठवण होत नाही... सगळं पाठ आहे मला. सहल म्हणजे जे दिसत नाही ते बघायला जायचं, की नाही? उद्या म्हणाल, शेजारच्या बाकावर सहल काढू!

बरं, नुसतं समोरचं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण ते रोक्कामेर्ला आहे. आणि आम्ही पोज्जोतोंदोचे. आम्ही या डोंगरावर, ते त्या डोंगरावर, मधे नदी, आणि नदीइतकंच जुनं वैर. कशावरून? घंटेवरून. त्यांच्या मनोऱ्यात जी घंटा आहे ना, ती आमची आहे. चोरलेली. केव्हा? झाली असतील सातशे वर्षं. म्हणून काय विसरायचं? आमच्याकडे मूल आधी ‘आई’ म्हणायला शिकतं, मग ‘पाणी’, आणि मग ‘घंटाचोर’.

आणि ही घंटा रोज बारा वाजता वाजते. आमची घंटा, त्यांच्या मनोऱ्यात, आमच्याच कानांवर! जखमेवर मीठ ते दुसरं काय?

आता या घंटेचा आणि माझ्या आजोबांचा काय संबंध, ते ऐका. एर्सिल्यो आजोबा. आमचं घर गावाच्या अगदी कडेला, तटाच्या भिंतीलाच चिकटलेलं, आणि मागची गच्ची दरीकडे. गच्चीखाली सरळ कडा, कड्याखाली झाडं. आमच्या गावातल्या कुणालाही ती गच्ची दिसत नाही. दिसते ती फक्त पक्ष्यांना आणि देवाला, असं आजोबा म्हणतात. म्हणायचे. तर बाराची घंटा वाजली, की आजोबा हातातलं काम टाकणार, असतील त्या कपड्यांत गच्चीवर जाणार, आणि घरात त्यांचे कपडे म्हणजे बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, छाती काढून उभे राहणार, आणि रोक्कामेर्लाकडे तोंड करून डावा हात उजव्या कोपराच्या खोबणीत असा दणकन मारणार, की उजवी मूठ वर! या हावभावाचा अर्थ आमच्याकडे लहान मुलांनाही कळतो. खरं तर त्यांनाच आधी कळतो. मी तो इथे करून दाखवणार नाही, समोर मोठी माणसं बसली आहेत.

एकदाच हं. चवीपुरता. मग आत येणार, हात धुणार, आणि म्हणणार, ‘‘वाढा.’’ त्याआधी आमच्या घरात कुणी काटा-चमचा उचलायचा नाही. दुसऱ्यांच्या घरी जेवणाआधी प्रार्थना असते, आमच्या घरी हे असतं.

आई म्हणते, ‘‘बाबा, निदान विजार तरी घाला!’’

आजोबा म्हणतात, ‘‘चोरांसाठी विजार? चोरांसाठी?’’

तर अशा माणसाला मी सांगायचं होतं, की मी रोक्कामेर्लाला सहलीला चालले आहे. पाहुणी म्हणून. डबा घेऊन!

मी सांगितलंच नाही. मी फारसं काही सांगतच नाही कुणाला. वर्गात मी बोलत नाही, पावाच्या दुकानात मी बोलत नाही, तिथे आजोबाच म्हणतात, ‘‘दिलेत्ताला तो करपलेल्या कडेचा पाव द्या, तिला तोच आवडतो.’’ आम्हा दोघांत मिळून एकाच माणसाचं बोलणं असतं, आणि ते सगळं आजोबा बोलतात, आणि मला ते सोयीचं आहे. म्हणून मी परवानगीचा कागद गुपचूप आईपुढे सरकवला, तिने सही केली, आणि सही करता करता मोठ्याने वाचला. मोठ्याने! ‘‘रो-क्का-मे...’’ आणि थांबली. पण तोवर गाव अर्धं कळलं होतं, आणि उरलेलं कळायला आजोबांना काही वेळ लागत नाही.

त्यांनी चमचा खाली ठेवला.

‘‘एर्सिल्योची नात,’’ ते म्हणाले, माझ्याशी नाही, मिठाच्या बरणीशी, ‘‘एर्सिल्योची नात चोरांच्या घरी पाहुणचाराला जाणार. मग एर्सिल्योने कुठल्या तोंडाने गच्चीवर उभं राहायचं?’’

आणि नाही राहिले! दुसऱ्या दिवशी बाराची घंटा वाजली, आई म्हणाली, ते खुर्चीतून हललेच नाहीत. भिंतीकडे बघत बसले. पास्त्याचा लगदा झाला. त्याच्या दुसऱ्या दिवशी तेच. आणि माझ्याशी तर बोलणंच बंद. एक शब्द नाही! आई मला म्हणायची, ‘‘मीठ दे,’’ तर आजोबा आईला म्हणायचे, ‘‘जिला रोक्कामेर्लाचं मीठ खायचंय तिला इथलं कशाला मागतेस?’’ पावाच्या दुकानात मी एकटी गेले आणि मऊ कडेचा पाव घेऊन आले, कारण ‘करपलेला’ म्हणायला मला जमलंच नाही. हसू नका. तुमच्या घरातलं बोलणारं माणूस रुसून बघा एकदा, मग कळेल, घर केवढं मोठं आणि केवढं रिकामं असतं ते.

आणि हे सगळं कशासाठी? व्हिएन्नासाठी असतं तर मी सोसलं असतं. पण जे गाव वर्गाच्या खिडकीतून दिसतं, त्याच्यासाठी!

बरं, गेलो. बसने. समोर तर आहे, चिमणी उडाली तर झाडावरून झाडावर पोचेल, पण बस आधी आमचा डोंगर उतरते, मग नदीकाठाने पूल शोधत जाते, मग त्यांचा डोंगर चढते, वळणं, वळणं, वळणं... काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. नोएमीला दोन्ही डोंगरांवर उलटी झाली, तिने पक्षपात केला नाही. स्कातेना बाई पुढे उभ्या राहून सूचना देत होत्या, ‘‘हावभाव नाहीत. गाणी नाहीत. आणि ‘घंटा’ हा शब्द कुणाच्याही तोंडून मला ऐकू यायला नको.’’

‘‘वाजली तर, बाई?’’ तांक्रेदी म्हणाला.

‘‘वाजली तर ऐकायचं आणि गप्प बसायचं. आपले पूर्वज तेच करत आलेत.’’

आता गाव कसं होतं म्हणून विचाराल... कसं असणार? आमच्यासारखंच! तीच दगडी कमान, तेच चढ, तीच खिडक्यांतली लाल जिरेनियमची कुंडी, तेच मांजर, अगदी तेच, मला वाटतं ते दोन्हीकडे जेवतं. फरक एकच. चौकात गाडीवर डुकराचं भाजलेलं पोर्केत्ता होतं, आणि त्यात त्यांनी रोजमेरी घातली होती! रोजमेरी! आमच्याकडे रानबडीशेप घालतात, जगात सगळीकडे रानबडीशेप घालतात. ‘‘म्हणून मी म्हणतो, हे लोक चोर आहेत,’’ तांक्रेदी म्हणाला, आणि दोन पाव खाल्ले. मग तिसरा.

आम्हाला गाव दाखवायला ओर्नेला नावाच्या बाई आल्या. त्या मूळच्या चौकातल्या कॉफीच्या दुकानाच्या मालकीण, खांद्यावर फडकं तसंच, मधेच कुणी हाक मारली की ‘‘आले, आले, दोन कडक ना?’’ म्हणून आत जायच्या, आणि आम्ही बाराव्या शतकात तसेच उभे. पण बोलायला फटकळ. चर्चमध्ये उभ्या राहून म्हणाल्या, ‘‘आणि वर आहे ती घंटा. ही पोज्जोतोंदोच्या लोकांनी आम्हाला दिली.’’

दिली!

स्कातेना बाईंचा चष्मा निघालाच. पण तांक्रेदी कसला ऐकतो? ‘‘चोरलीत तुम्ही!’’

‘‘चोरली? अरे बाळा,’’ ओर्नेला बाई म्हणाल्या, ‘‘तुमचे लोक ती खालून बैलगाडीतून वर नेत होते. नदीपाशी आले, ऊन वाढलं, भूक लागली. म्हणाले, जेवून येऊ. घंटा तिथेच टाकून घरी गेले. आम्ही वाट बघितली. संध्याकाळ झाली. मग म्हटलं, पाऊस लागेल बिचारीला, म्हणून वर आणून ठेवली. तुमचं जेवण झालं की न्या की!’’

सातशे वर्षांचं जेवण! आमचा सगळा वर्ग पेटला, आणि मला... मला खरं तर हसू आलं. कारण आमच्या लोकांना मी ओळखते. जेवायचं असलं की आम्ही काहीही टाकून जाऊ शकतो. पण ही गोष्ट सांगायची कुणाला? ज्यांना सांगितली असती आणि जे त्यावर तासभर भांडले असते, ते तर माझ्याशी बोलत नव्हते.

मग ओर्नेला बाईंनी घड्याळ बघितलं आणि अचानक घाई केली. ‘‘चला, चला, तटावर! बारा वाजत आले.’’

तटावर कठड्यापाशी लोखंडी खांबावर एक मोठी दुर्बीण आहे, नाणं टाकायची, प्रवाशांसाठी असते तशी. आणि तिच्याभोवती गर्दी! प्रवासी नव्हे हो, गावातले लोक. पीठ लागलेल्या हातांनी बेकरीवाला, पिशवी घेऊन टपालवाली, खुर्ची घेऊन आलेल्या दोन म्हाताऱ्या, स्वतः पाद्रीबाबा. आणि सगळ्यांच्या पुढे एक वाळकुडे आजोबा, टोपी घातलेले, एक हात दुर्बिणीवर, जणू काही ते घोडं आहे आणि पळून जाईल.

‘‘काय आहे बघण्यासारखं?’’ नोएमीने विचारलं.

‘‘आमचा बारावाला,’’ ओर्नेला बाई म्हणाल्या.

‘‘म्हणजे?’’

‘‘अगं, तुमच्या गावात तटावर एक घर आहे, पिवळट भिंतीचं. घंटा वाजली की तिथे एक म्हातारा बाहेर येतो, बनियनवर, आणि आम्हाला असं...’’ आणि त्यांनी केलं! डावा हात, कोपर, मूठ! फडकं खांद्यावरून उडालं. ‘‘रोज! ऊन असो, बर्फ असो! मी एवढीशी होते तेव्हापासून. तेव्हा त्याचे केस काळे होते.’’

तुम्हाला सांगते, माझे कान असे तापले, असे तापले, की त्यांच्यावर पाव भाजला असता. करपलेल्या कडेचा.

‘‘चड्डी निळ्या पट्ट्यांची,’’ एक म्हातारी म्हणाली.

‘‘रविवारी हिरव्या,’’ दुसरी म्हणाली.

‘‘ईस्टरला पांढरी,’’ पाद्रीबाबा म्हणाले, आणि खोकले.

आमच्या वर्गाला तर लॉटरीच लागली! ‘‘कोण आहे? कोण आहे तो?’’ तांक्रेदी उड्या मारत होता, ‘‘आपल्या गावात असा माणूस आहे आणि मला माहीत नाही?’’ आणि मी? मी नोएमीच्या मागे गेले, नोएमी हलली, मी तिच्याबरोबर हलले, एखादी पिशवी असावी तशी. वाटलं, कडा उतरून सरळ घरी जावं. जवळच तर आहे. हेच तर सांगतेय मघापासून, आमच्या खिडकीतून ते दिसतात, तर त्यांना आमची गच्ची दिसणार नाही का? इतकी वर्षं हे आमच्या घरात एकाच्याही डोक्यात आलं नाही! आम्ही त्यांच्याकडे बघतो. ते आमच्याकडे बघत असतील हे... छे! चोर कशाला बघतील?

पण मग ते टोपीवाले आजोबा बोलले. आदेल्मो त्यांचं नाव. ते कुणाशीच बोलले नाहीत, दुर्बिणीशीच बोलले. ‘‘आजही नाही आला तर चौथा दिवस.’’

दोन्ही म्हाताऱ्यांनी खुर्च्या पुढे ओढल्या.

‘‘सर्दी झाली असेल,’’ बेकरीवाला म्हणाला.

‘‘सर्दीत यायचा. मफलर बांधून यायचा.’’

‘‘मग गेला असेल बिचारा,’’ टपालवाली म्हणाली.

‘‘जीभ आवर!’’ आदेल्मो ओरडले. ‘‘काल पाववाल्याच्या गाडीला मी मुद्दाम तिथे पाठवलं. म्हटलं, भिंतीवरची मयताची पत्रकं वाचून ये. सगळी वाचून आला.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय, त्याचं नाव कुणाला माहितीये? दोन पत्रकं होती. एक म्हातारी निघाली, दुसरा आहे, पण त्याचा फोटो टकला. आपल्या माणसाला भरपूर केस आहेत.’’ ‘आपल्या’ म्हणाले! आणि मग हळूच, ‘‘मी मेणबत्ती लावली चर्चमध्ये. हो, लावली! त्या निर्लज्जासाठी! हसा!’’

कुणी हसलं नाही. तांक्रेदीसुद्धा हसला नाही, यावरून काय ते समजा. मी नोएमीच्या खांद्यावरून बघत होते, आणि आदेल्मो आजोबा बाहीने दुर्बिणीची काच पुसत होते, आणि मला काय वाटलं ते मला नीट सांगता येत नाही. असं वाटलं, की आमच्या घरात बारा वाजता काहीतरी बंद पडलंय, हे माझ्याइतकंच आणखी कुणालातरी कळलंय. आणि ते कुणीतरी नेमके चोर!

इतक्यात घंटा वाजली. आमची घंटा. इतक्या जवळून मी ती कधी ऐकली नव्हती, पोटात वाजते हो ती! बारा ठोके. आदेल्मो आजोबांनी दुर्बिणीला डोळा लावला. सगळे त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. शेवटचा ठोका विरला. त्यांनी डोळा काढला नाही. मग काढला. टोपीही काढली.

‘‘दार बंद आहे,’’ ते म्हणाले.

एका म्हातारीने छातीवर क्रूस केला. पाद्रीबाबांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी सुरू केलं. माझ्या आजोबांची, खुर्चीत धडधाकट बसलेल्या, भिंतीवर रुसलेल्या माझ्या आजोबांची प्रार्थना सुरू झाली!

‘‘ते मेले नाहीत,’’ मी म्हणाले.

कुणाला ऐकू गेलं नाही. मी म्हणते ते कुणालाच ऐकू जात नाही, मी त्याच बेताने म्हणते. पाद्रीबाबा पुढच्या ओळीवर गेले. मी पुन्हा म्हणाले. नोएमी म्हणाली, ‘‘तू काही म्हणालीस?’’ आणि ते ‘आमेन’पाशी येऊन पोचले, आणि एकदा का आमेन झालं की माणूस गेलाच ना हो, मग त्याला परत कोण आणणार?

‘‘ते मेले नाहीत!’’ मी ओरडले. ‘‘ते रुसलेत! माझ्यावर! मी इथे आले म्हणून! ते माझे आजोबा आहेत!’’

माझा आवाज दरीत गेला, आमच्या डोंगरावर आपटला आणि परत आला. ‘...आजोबा आहेत!’ कबुतरं उडाली. स्कातेना बाईंना चष्मा काढायचंही सुचलं नाही. आणि तांक्रेदी म्हणाला, ‘‘दिलेत्ताला आवाज आहे?’’

मग काय विचारता! सगळे अंगावरच आले. ‘‘नात! बारावाल्याची नात!’’ म्हाताऱ्यांनी माझे गाल ओढले, बेकरीवाल्याने पिठाच्या हाताने माझा हात दाबला, ओर्नेला बाईंनी कुठूनशी थंड संत्र्याची बाटली आणून हातात कोंबली. आणि आदेल्मो आजोबा म्हणाले, ‘‘फोन लाव.’’

लावला. घरचा. वाजला, वाजला...

‘‘कोण?’’

‘‘आजोबा, मी दिलेत्ता.’’

पलीकडे खुर्ची करकरली. मग, त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच खाकरण्यासकट, ‘‘एर्सिल्यो घरी नाही.’’

‘‘आजोबा, गच्चीवर या. सगळे वाट बघताहेत.’’

‘‘सगळे कोण?’’

मी काही बोलायच्या आत आदेल्मो आजोबांनी फोन हिसकावला. ‘‘ए पोज्जोतोंदोच्या गाढवा! मेला आहेस का जिवंत आहेस ते आधी सांग!’’

‘‘कोण रे तू? घंटाचोर!’’ फोनमधून इतका जोरात आवाज आला की मला वाटलं, तो दरीवरूनच सरळ आला.

‘‘चोर कुणाला म्हणतोस? जेवायला गेलात ते सातशे वर्षं ढेकर देताय!’’

‘‘रोजमेरी खाणाऱ्याने जेवणाबद्दल बोलू नये!’’

आहाहा! काय भांडले! चार दिवसांचं साठलेलं बोलणं माझ्या आजोबांनी एका दमात त्या माणसावर रिकामं केलं, आणि इकडे आदेल्मोंच्या गालांना रंग चढला. आणि मग बोलता बोलता ते म्हणून गेले, ‘‘आणि चार दिवस त्या गच्चीवर का दिसला नाहीस?’’

फोनमधून नुसतं खाकरणं आलं.

‘‘दिसलो नाही म्हणजे?’’ आजोबा म्हणाले. ‘‘तुला मी... दिसतो?’’

‘‘मला? गावाला दिसतोस! रोज!’’

फोनमधून आधी दार लावल्याचा आवाज आला. मग अगदी बारीक आवाजात, ‘‘कितपत दिसतो?’’

‘‘दुर्बीण आहे.’’

‘‘म्हणजे... पट्टे?’’

‘‘निळे,’’ आदेल्मो म्हणाले. ‘‘रविवारी हिरवे.’’

खट्. फोन बंद.

संपलं! मी म्हटलं, संपलं. आता ते गच्चीचं दार विटांनी बुजवून टाकतील. आदेल्मो आजोबा फोनकडे असे बघत होते, जणू त्यांच्या हातून काहीतरी फुटलंय. कितीतरी वेळ कुणी जागचं हललं नाही. आणि मग तांक्रेदी, ज्याने दुर्बीण मोकळी सापडताच आपलं नाणं टाकलं होतं, ओरडला, ‘‘दार! दार हललं!’’

आणि पाद्रीबाबा पळाले! झग्याचा घोळ दोन्ही हातांनी धरून चर्चकडे, ‘‘थांबवा त्याला! घंटेशिवाय कसं करेल तो!’’ आणि त्या दिवशी, त्या दरीत जे कधीच झालं नव्हतं ते झालं, बाराची घंटा दुसऱ्यांदा वाजली. आमच्या गावात अर्ध्या बायकांनी पास्ता पुन्हा उकळत टाकला.

‘‘नात आधी! नात आधी!’’ म्हणून मला सगळ्यांनी दुर्बिणीपुढे ढकललं. आधी नुसतं धुकं, मग भिंत, मग आमची गच्ची, आईचं वाळत घातलेलं टेबलावरचं कापड, आणि मग... एर्सिल्यो आजोबा. काळा सूट! जो फक्त लग्नात आणि मयतात निघतो तो. टाय. डोक्यावर टोपी. ते कठड्यापाशी आले, ताठ उभे राहिले. टोपी काढली, तर भांग पाडलेला, पाणी लावून! मान झुकवली, अगदी अदबीने. मग टोपी परत घातली, नीट बसवली. आणि मग डावा हात, कोपर, मूठ! सावकाश, भरदार, एखाद्या मोठ्या गवयाने शेवटची तान घ्यावी तशी!

अहो, त्या तटावर जो जल्लोष झाला! टपालवालीने पिशवी उडवली. आदेल्मो आजोबांनी तेच उत्तर दिलं, दोन्ही हातांनी, आळीपाळीने, आणि रडत होते, आणि शिव्या देत होते, आणि म्हणत होते, ‘‘बघ, बघ, केस बघ, आहेत की नाही सगळे!’’

संध्याकाळी बस आमच्या कमानीपाशी थांबली, तर आजोबा उभे. सूट अंगावरच. मी उतरले. ते जवळ आले. इकडे तिकडे बघितलं. आणि चार दिवसांनंतरचा पहिला शब्द...

‘‘कसा दिसत होतो?’’

‘‘छान, आजोबा.’’

‘‘मूठ पुरेशी वर गेली होती का? मला वाटतं, बाहीत जरा अडकली.’’

आणि झालं! आता दुःख हे आहे, की तेव्हापासून आमच्या घरात बारा वाजता जेवण नसतं. कारण साडेअकरापासून यांचा शृंगार चालतो. भर उन्हात काळा सूट! आई इस्त्री करून करून वैतागली आहे, म्हणते, ‘‘बाबा, ती चड्डी बरी होती!’’ आजोबा म्हणतात, ‘‘लोक बघतात.’’ आणि दर शनिवारी मला बसमध्ये बसवतात, आमचा डोंगर उतरायचा, पूल, त्यांचा डोंगर चढायचा, वळणं, वळणं... का? तर तिथून बघून यायला. टोपी कुठली शोभते, मूठ कुठवर जाते. येताना आदेल्मो आजोबांच्या शिव्या घेऊन यायच्या, जाताना इकडच्या घेऊन जायच्या, एकही गाळायची नाही. ओर्नेला बाई मला लांबून बघूनच संत्र्याची बाटली काढतात. बोलावं लागतं हो मला, सारखं बोलावं लागतं! जे गाव वर्गात बसल्या बसल्या खिडकीतून दिसतं, तिथे दर शनिवारी!

परवा वर्गात पुन्हा मतदान झालं. पुढच्या वर्षीच्या सहलीचं. व्हिएन्ना! या वेळी मी हात पूर्ण वर केला, आणि बाईंनी विचारायच्या आत मोठ्याने म्हणालेसुद्धा, ‘‘व्हिएन्ना!’’ या खेपेला जमणारच आहे, बाईंनी चष्मा पुसला नाही. मी धावत घरी आले, आजोबा गच्चीवर टोपीला ब्रश करत होते. म्हटलं, आजोबा, व्हिएन्ना! राजवाडे! नदी! केक!

आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. टोपी फिरवून बघितली.

‘‘व्हिएन्ना,’’ ते म्हणाले. ‘‘तिथून मी दिसतो का?’’

‘‘नाही, आजोबा.’’

‘‘मग एवढ्या लांब जाऊन तू बघणार काय?’’